अंगठा उमटेपर्यंत

सकाळचे नऊ वाजले तरी थोरलीचा पहिला गठ्ठा संपला नव्हता, आणि त्याला कारण तिच्या हातातली गोष्ट होती. बुकबाइंडिंगच्या कारखान्यात छापून आलेल्या मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा तयार होतो. घडी पडली की आतली पाने मिटतात, पहिले आणि सोळावे तेवढे बाहेर राहते. त्यामुळे थोरलीने एकवीस वर्षांत शेकडो पुस्तके वाचली होती, पण प्रत्येकातले पहिले पान आणि सोळावे. मधले काय ते तिचे तिने जुळवायचे. आजच्या पहिल्या पानावर एक बाई घर सोडून निघाली होती आणि सोळाव्यावर तीच बाई त्याच घरात सगळ्यांना चहा ओतत होती. मधे असे झाले तरी काय, या विचारात तिचा हात मंदावला होता.

"गोष्ट वाचायचे पैसे नाही मिळत गं बाई," समोर फर्मे जुळवत बसलेली म्हातारी म्हणाली. ही म्हातारी थोरलीच्याही आधीपासून इथे कामाला होती, आणि तिच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्माला यायचा होता. "मलासुद्धा सांग की, काय झालं त्या बाईचं?"

"परत आली."

"मग गेली कशाला होती मेली?"

दोघी हसल्या. थोरलीने अंगठ्याने घडी दाबली आणि कडेपर्यंत सरकवत नेली. घडी दाबायला लाकडी पट्टी असते, पण अंगठ्याने बसते तशी घडी पट्टीने बसत नाही, असे तिचा नवरा म्हणायचा. त्यानेच तिला हे काम शिकवले आणि लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तापाने गेला. त्याच्या मागे तिच्याकडे उरले ते एवढेच, अंगठ्याने घडी घालणे. दिवसभर कागद आणि सकाळ-संध्याकाळ घरची भांडी, यांत तिचे दोन्ही अंगठे साबणाच्या जुन्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. एकही रेष दिसत नव्हती. हात बघून भविष्य सांगणारा एकदा म्हणाला होता, "बाई, तुमच्या हातावर वाचायला काही शिल्लकच नाही हो."

कारखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी चिंगी राहत. थोरली कारखान्यातच, दाबयंत्रामागे, कागदाच्या गठ्ठ्यांवर गादी टाकून झोपे. "तात्पुरतं" असे सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या जाऊन बारा वर्षे झाली, ते तात्पुरते अजून चालू होते. पहाटे कागदवाला दार वाजवी तेव्हा तिला आधी अंथरूण गुंडाळून मग दार उघडावे लागे. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिने कुणाला कधी मागितली नव्हती. आतून कडी लावता येईल अशी एक खोली. कडी लावावी, पाय पसरावे आणि एखादे पुस्तक मधल्या पानांसकट वाचावे.

त्या सकाळी दीर धावतच आत आला. हा मनाने वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते; वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

"वहिनी, ठेवा तो गठ्ठा खाली! झालं! संपले आपले घड्या घालायचे दिवस!"

सासऱ्यांनी हा जमिनीचा तुकडा घेतला तेव्हा तिथे पाणी साचायचे आणि लोक त्यांना वेड्यात काढायचे. पुढे शहर वाढत वाढत कारखान्याच्या भिंतीला येऊन टेकले. आता समोरून मोठा रस्ता जाणार होता आणि एका बांधकाम कंपनीला ही सगळी जागा हवी होती. कंपनीने देऊ केलेला आकडा दिराने वहिनीच्या कानात सांगितला. ओरडून सांगितला असता तरी तो तिला समजला नसता, इतका मोठा होता.

पैसा हातात यायच्या आधीच घरात येऊन बसला. सगळ्यात आधी एक भलामोठा सोफा आला, तो प्लास्टिकसकट त्या दोन खोल्यांत असा अडकला की स्वयंपाकघरात जायला त्याच्यावरून चढून जावे लागे. बारा वर्षांत न फिरकलेले नातेवाईक आले आणि त्या प्लास्टिकवर घसरत घसरत चहा प्याले. फोनवर बोलताना दिराचा आवाज एकदम खोल विहिरीतून यायला लागला. कारखाना बंद झाला. म्हातारीला शेवटचा पगार एका पाकिटात मिळाला, आणि ती जाताना दारात कुणी आले नाही, थोरली सोडून.

"तुझं नाव आहे ना कागदावर?" म्हातारीने जाता जाता विचारले.

"आहे. ह्यांच्या जागी लागलं. अर्धं भाऊजींचं, अर्धं माझं."

"मग जप. माझा अंगठा तर कुणी फुकटसुद्धा मागत नाही. तुझा मागतील."

थोरलीला हे बोलणे लागले. तिला वाटले, कामावरून काढले म्हणून म्हातारी विष ओकते आहे. तिला खरा चटका लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. इतकी वर्षे दुपारी दोन वाजता जाऊ कारखान्यात यायची आणि दोघी जावा एकाच कपातला चहा अर्धा अर्धा करून प्यायच्या, एक कपात आणि एक बशीत. दिराच्या घोरण्यापासून शेजारणीच्या नव्या दातांपर्यंत जगातल्या सगळ्या चुगल्या त्या चहाबरोबर संपायच्या. सोफा आल्यापासून जाऊ दुपारी आलीच नाही. चहाची बशी थोरलीने दोन-चार दिवस काढून ठेवली, मग परत फळीवर ठेवून दिली.

मागणी झाली ती जेवताना, आणि तीसुद्धा भाजी वाढता वाढता.

"वहिनी, वकील म्हणत होते, दोन नावं असली की फार भानगडी. प्रत्येक कागदावर दोघांनी धावायचं. त्यापेक्षा तुमचा हिस्सा माझ्या नावावर सोडलात की काम सुटसुटीत." दिराने तिच्याकडे न बघता घास घेतला. "तुम्हाला काय कमी पडू देणार आहे का मी?"

"आईंनी पण सोडला होता ना हिस्सा," जाऊ म्हणाली. "आत्यांनी पण सोडला. आपल्याकडे बायका वाटा मागत नाहीत जाऊबाई, हीच तर आपल्या घराची शोभा आहे. मीही माहेरी सही देऊन आले, एक शब्द बोलले नाही."

हे ती अभिमानाने बोलली. आपल्याकडची ही रीतच अशी आहे की जिच्या हातून काढून घ्यायचे तीच ते दागिन्यासारखे मिरवते. थोरलीला नाही म्हणता आले असते का? कायद्याने नक्कीच आले असते. पण कायदा त्या ताटावर जेवायला बसलेला नव्हता. तिथे बसले होते दीर, ज्याला ताप आला की ती रात्ररात्र उशाशी जागली होती, आणि चिंगी, जी जाऊ आजारी होती म्हणून दोन वर्षांची होईपर्यंत थोरलीच्याच कुशीत वाढली होती.

"नव्या घरात मला…" तिने कसेबसे म्हटले, "खोली असेल ना?"

"अहो, हे काय विचारणं झालं! तुमची स्वतंत्र खोली! आतून कडीसुद्धा!" दीर इतक्या मोठ्याने हसला की ठसका लागला. कडीचे त्याला कसे कळले, याचेच थोरलीला नवल वाटले, आणि तिचे डोळे भरून आले. तिने लगेच हो म्हटले.

नोंदणी कचेरीत त्यांचा नंबर अकरा वाजता लागला. टेबलावर काडेपेटीएवढे एक यंत्र होते, त्याच्या काचेवर अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागायचा. दिराचा लागला. थोरलीने अंगठा ठेवला आणि लाल दिवा लागला. पुसून ठेवला, लाल. डावा ठेवला, लाल. जावेने तिचा हात धरून दाबून ठेवला, तरी लाल.

"अंगठा आहे का नुसतं कातडं?" कारकून वैतागला. नोंदणीच्या अधिकारी बाई उठून आल्या आणि त्यांनी थोरलीचा हात उजेडाकडे वळवून पाहिला.

"काम काय करता?"

"कागदाच्या घड्या घालते."

"रेषा झिजल्यात सगळ्या. यंत्राने घेतल्याशिवाय माझ्या हातात काही नाही, मागे खोटी माणसं उभी करून व्यवहार झालेत इथे." मग त्या दिराला म्हणाल्या, "आठ दिवस यांना कामाला लावू नका. पाण्यात हात नको, साबण नको. रोज तेल चोळा. रेषा परत येतात."

आणि थोरलीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे आठ दिवस सुरू झाले.

जावेने स्वतः भांडी घासली. चिंगीने केर काढला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही नेमका सोफ्याखाली लोटला. थोरलीला त्या प्लास्टिकवर बसवण्यात आले. सकाळी कोमट तेल, दुपारी मलम, संध्याकाळी परत तेल. दीर बाहेरून आला की चपला काढायच्या आत विचारी, "वहिनी, हात बघू." तो तिचे अंगठे दिव्याखाली धरून असे न्याहाळी जसे लोक पेरलेल्या कुंडीत कोंब आला का बघतात.

"उमटायला लागलंय हं! ही बघा, इथे एक रेघ!"

"कुठे? बघू, बघू!" सगळे गोळा होत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता जाऊ चहा घेऊन आली. कप आणि बशी. शेजारी बसून तिने थोरलीचा हात मांडीवर घेतला आणि तेल चोळता चोळता शेजारणीच्या दातांची पुढची हकिकत सांगितली, ते दात म्हणे जेवताना काढूनच ठेवावे लागतात. थोरली पोट धरून हसली. तेलाचा हात बोटाबोटातून फिरत होता. नवरा गेल्यापासून तिच्या हाताला कुणी असा हात लावला नव्हता. हे कशासाठी चालले आहे ते तिला कळत नव्हते असे नाही. कळत होते, आणि तरी गोड लागत होते. भुकेल्या माणसाला वाढणाऱ्याचा हेतू तपासत बसायला जमत नाही, आणि ही तर माणसांची भूक होती.

सातव्या दिवशी दुपारी घरात सगळे झोपले होते. सोफ्यावर नव्या घराचा नकाशा पडला होता, आणि तो चुकीचा दुमडलेला होता. वाकडी घडी बघून स्वस्थ बसणे थोरलीच्या रक्तातच नव्हते. तिने तो पसरला, नीट घालायला घेतला, आणि घडी पडता पडता तिला खोल्यांवर लिहिलेली नावे दिसली. 'आम्ही दोघे'. 'चिंगी'. 'पाहुणे'. 'ऑफिस'. तिने नकाशा पुन्हा उलगडला आणि या वेळी मधली पानेसुद्धा वाचली. स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद चौकोन होता. त्यात दिराच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते, 'सामान + वहिनी'. प्रत्येक खोलीला दाराची खूण होती, पाहुण्यांच्या न्हाणीघरालासुद्धा होती. त्या चौकोनाला नव्हती. शेजारी बारीक अक्षरात टीप होती, 'दार नको, जागा जाते'.

तिने नकाशाची घडी घातली, सरळ, कडेला कड लावून, आणि उठली.

मोरीत दुपारची भांडी पडली होती. तिने नळ सोडला, तारेची घासणी उचलली आणि करपलेल्या पातेल्याला उजवा अंगठा लावून घासायला लागली. पातेले निघाले, तिने दुसरे घेतले. तेही निघाले, तिने पहिलेच पुन्हा घेतले. उद्या त्या यंत्राला लाल दिवा लागला पाहिजे. तोंडाने नाही म्हणायचे बळ तिच्यात नव्हते, ते कुणी तिला कधी शिकवलेच नव्हते. पण अंगठा नाही म्हणू शकत होता. तो एकदा म्हणालाच होता.

"मोठी आई! काय करतेस तू?"

दारात चिंगी उभी होती. तिने धावत येऊन नळ बंद केला आणि थोरलीच्या हातातून घासणी काढून घेतली.

"चिंगे, तो नकाशा…"

"मला माहितीये." चिंगीची नजर फरशीवर गेली. म्हणजे तिला माहीत होते. "मी बोलते बाबांशी. खरंच बोलते. पण उद्याचं होऊन जाऊ दे ना गं. बाबांना झोप नाही, कंपनीवाले मागे लागलेत. माझ्या बाहेरच्या कॉलेजचं पण सगळं यावरच आहे. प्लीज, मोठी आई. माझ्यासाठी."

आणि तिने टॉवेल घेऊन थोरलीचे हात पुसायला सुरुवात केली, एकेक बोट वेगळे धरून, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. लहानपणी चिंगीचे कागद चिकटवायच्या खळीत बरबटलेले हात थोरली असेच पुसायची. पोरीने ते तिच्याकडूनच उचलले होते. तारेच्या घासणीपेक्षा तो टॉवेल जड गेला. थोरली सोफ्यावर जाऊन बसली. चिंगीने तेलाची वाटी आणली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत वकिलाने कागद पुढे केले. शेवटचे पान तेवढे वर काढून बोट ठेवले, "इथे सही." थोरलीने पाहिले, कागदांना मारलेली टाचणी वाकडी होती आणि आतली पाने दिसत नव्हती. तिने सही केली.

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "बाई, तुमचा अर्धा हिस्सा तुम्ही सोडताय. मोबदला काही नाही. स्वखुशीने देताय ना? कुणाचा दबाव?"

दिराने खिशातला रुमाल काढला. जाऊ हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. एवढी मोठी संधी तिला जन्मात कुणी दिली नव्हती.

"दाराचं तेवढं…" ती म्हणाली.

"काय? कसलं दार?"

"नव्या घराच्या दाराचा रंग हो, मॅडम!" दीर घाईने हसला. "कालपासून तेच चाललंय वहिनींचं. हौस फार त्यांना."

सगळे हसले. वकील हसले, कारकून हसला. अधिकारी बाईंनी दाराकडे पाहिले. त्यांच्या टेबलाबाहेर चाळीस माणसे रांगेत होती. त्यांनी पुन्हा विचारायला हवे होते, आणि पुढे वर्षभर त्याही ते आठवून चुटपुटल्या असतील; पण त्यांनी विचारले नाही. "ठेवा अंगठा," त्या म्हणाल्या.

लाल.

काल घासलेल्या दोन पातेल्यांची थोरलीला आठवण झाली. पुन्हा लाल होऊ दे, तिने मनात म्हटले, एवढे एकदा होऊ दे. जाऊ पुढे झाली, तिने आपल्या स्वच्छ रुमालाने तो अंगठा पुसला, त्यावर हलकी फुंकर घातली आणि लहान मुलाचा धरावा तसा धरून काचेवर ठेवला.

हिरवा.

दिराने टाळी वाजवली. चिंगी थोरलीच्या गळ्यात पडली. यंत्राच्या पडद्यावर तिचा अंगठा मोठा होऊन उमटला होता, रेषेत रेष, वळणात वळण, कुठेही न झिजलेला. तो आपला आहे हे थोरलीला ओळखूच आले नाही.

घरी आल्यावर चहा झाला. वकील आले होते, कंपनीचा माणूस आला होता, दोन नातेवाईकही प्लास्टिकवर घसरत होते. पाहुणे गेले तेव्हा टेबलभर कप आणि बश्या पडल्या होत्या. थोरली सवयीने सोफ्याच्या कडेला, हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. आठ दिवसांत तिला असेच बसायला शिकवले होते.

जाऊ तिच्याकडे बघून गोड हसली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हते.

"जाऊबाई," ती म्हणाली, "आता हात भिजले तरी चालतील."

थोरली उठली. तिने कप गोळा केले, बश्या एकात एक घातल्या. चिंगी मोबाइलमध्ये बघत होती. तिने मान वर केली, मोठ्या आईकडे पाहिले आणि आपला कप त्या चळतीवर ठेवला. मोरीतला नळ सुरू झाला.

यात कुणी थोरलीला मारले नाही. उपाशी ठेवले नाही, घराबाहेर काढले नाही, वाकडा शब्दही बोलले नाही. कायद्याने तिला अर्धी जमीन दिली होती, आणि ती काढून घ्यायला तिच्या माणसांना फक्त आठ दिवस तिच्यावर माया करावी लागली. असले कागद आपल्या सगळ्यांच्याच कपाटात आहेत. आजीचा असेल, आत्याचा असेल, वहिनीचा असेल, आणि त्याच्या तळाशी 'स्वखुशीने' हा शब्द असेल. आज घरी गेल्यावर तो कागद काढा, आतल्या पानांसकट वाचा. आणि जिचा अंगठा त्यावर आहे ती तुमच्या घरात कुठे झोपते, तिथे दार आहे का, तेही एकदा उठून बघून या.